फ्रिज बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

फ्रिज बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा फ्रिजच्या बाहेरच सापडतात: भिंतीतला सॉकेट, मागची कोंडलेली हवा, संध्याकाळी पडणारं व्होल्टेज. सांगली, मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यात तर नक्कीच. म्हणून ‘गॅस गेला असेल’ असं ठरवून मेकॅनिकला फोन करण्याआधी पुढच्या गोष्टी बघून घ्या.

टेम्पोतून उतरवला की लगेच चालू करणे

फ्रिज आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर तेलाविना घासला जातो किंवा बारीक नळीत तेल अडकून गारवाच तयार होत नाही. उभा आणला असेल तर ३-४ तास थांबा. आडवा आणला असेल तर पूर्ण एक दिवस उभा राहू द्या.

जागा ठरवताना मागे निदान १० सेंमी आणि दोन्ही बाजूंना ५ सेंमी मोकळं सोडा. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, त्यामुळे बाजू गरम लागणं हा बिघाड नव्हे. मात्र त्याच बाजूंवर लोंबणारं शोभेचं कव्हर घातलं की आतली उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. पुढचे पाय किंचित उंच ठेवा, म्हणजे दरवाजा आपोआप लागतो.

अर्थिंगची पळवाट

यातल्या चुकीने जीव जातो, म्हणून जरा सविस्तर.

मुठीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की कुणी फ्रिजखाली लाकडी फळी सरकवतं, कुणी चप्पल घालून दरवाजा उघडतं. जुन्या वाड्यांमधून दोनच तारांचं वायरिंग अजून दिसतं. तिथे सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून तारेचा तुकडा काढून अर्थच्या वरच्या जाड भोकाला जोडून दिला जातो. झिणझिण्या थांबतात आणि काम झालं असं वाटतं. पण खांबापासून सॉकेटपर्यंत कुठेही न्यूट्रल तुटला, की फेज चालू बल्बमधून किंवा फ्रिजच्याच मोटरमधून फिरून त्या तुकड्यावाटे थेट पत्र्यावर येतो. २३० व्होल्ट दरवाज्याच्या मुठीवर. एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण तेवढा करंट वाहायला मार्गच नसतो. मार्ग होतो तो हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून. बाहेर लाइन दुरुस्त करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी हेच घडतं.

तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांचं व्होल्टेज जवळपास सारखं यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. घरात भार चालू असूनही तिथे नेमका शून्य आला तर त्यालाच सॉकेट उघडून बघायला सांगा, तारेचा तुकडा सापडण्याची शक्यता मोठी. साधा टेस्टर फक्त फेज दाखवतो, अर्थिंग चांगलं आहे की नाही हे सांगत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होतं. त्या दिवसांत पाइपाच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवलाच पाहिजे, यात काटकसर नको.

फ्रिज एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नको. पिन सैल बसली की ठिणग्या पडून प्लग काळा पडतो, मग वितळतो.

‘टक्’ आवाज आणि व्होल्टेज

उसाच्या पट्ट्यात शेतीपंप एकदम सुरू झाले की काही घरांत व्होल्टेज १७० च्या खाली येतं. मोटर जोर लावते, पण फिरत नाही; नुसती घूंऽऽ करते आणि ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा भाग) तिला तोडतो. टक्. काही मिनिटांनी पुन्हा घूं, पुन्हा टक्. असा आवाज आला तर फ्रिज बंद करून आधी व्होल्टेज मोजा. ते ठीक असूनही आवाज येत असेल तर रिले (मोटर सुरू करून देणारा भाग) किंवा ओव्हरलोड तपासावा लागेल. स्टॅबिलायझर घेताना त्यात ३ मिनिटांचा टाइम डिले (वीज आल्यावर थांबून चालू होण्याची सोय) आहे का ते विचारा. लाइट जाऊन लगेच आली तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो आणि त्या दाबाविरुद्ध मोटर सुरू होत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज किती व्होल्टपर्यंत चालतो ते पुस्तिकेत दिलेलं असतं. तुमच्या घरचं व्होल्टेज त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर हवाच.

बर्फ सुरीने खरवडणे

एका दरवाज्याच्या फ्रिजमध्ये फ्रीझरची भिंत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असते आणि गॅस तिच्या आतूनच फिरतो. सुरीचं टोक लागलं की भोक. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. त्याचं वजन बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये १०० ग्रॅमपेक्षा कमी, पण तो पेट घेतो. फुस्स आवाज आला तर कुठलंही बटण दाबू नका, फ्रिजची पिनही ओढू नका. शेगडी विझवा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर व्हा. बर्फ बोटाच्या निम्म्या जाडीचा होण्याआधीच डीफ्रॉस्टचं बटण दाबायची सवय ठेवा.

बाकी थोडक्यात. बहुतेक फ्रिजमध्ये डायलवरचा आकडा मोठा म्हणजे गारवा जास्त. आत ४ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८ पुरेसे. मागच्या ट्रेमधलं पाणी आठवड्यातून एकदा ओता आणि ट्रे घासा, डेंग्यूचे डास तिथे अंडी घालतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत स्वयंपाकघर १० अंशांच्या खाली गेलं तर काही फ्रिजचा कॉम्प्रेसर फारसा लागतच नाही आणि फ्रीझरमधला गोठलेला माल वितळतो. हा बिघाड नसतो.

पुरात भिजलेला फ्रिज

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. नदीकाठी राहत असाल तर इशारा मिळताच पिन काढून फ्रिज उभाच माडीवर न्या. पाण्यात सापडला तर ओसरल्यावर ‘चालतो का बघू’ म्हणून पिन लावू नका. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यामुळे तो बऱ्याचदा वाचतो. रिले, पंख्याची मोटर, सर्किट आणि जोडांमध्ये मात्र गाळ बसतो. मेकॅनिकने हे भाग काढून, धुऊन, वाळवून, पत्र्याला करंट गळत नाही ना हे मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासल्यावरच फ्रिज चालू करा. दरवाज्यातला किंवा भिंतीतला फोम पाणी प्यायला असेल तर तो वाळत नाही. बाहेरून घाम येत राहतो, कॉम्प्रेसर अखंड चालतो. अशा फ्रिजवर खर्च करण्यात अर्थ नाही. विम्याचा किंवा नुकसानीचा पंचनामा व्हायचा असेल तर तो होईपर्यंत भंगारात देऊ नका, आणि आतला भिजलेला माल, बंद डबेसुद्धा, टाकून द्या.