मेंदू टेबलावर, ब्रेक गाडीवर

रबाळे एमआयडीसीत मी पीएलसीची (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरची) देखभाल करते आणि ऐरोलीला घरी आले की पुन्हा वायरी काढून बसते. माझ्या दोन चाकी रोबोटवर रास्पबेरी पाय ३ हा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर आहे (चाकांच्या गाडीला पाय, असो), टेबलावर जुना लॅपटॉप. दोन्हींवर नाइनफ्रंट.

नाइनफ्रंट म्हणजे बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमचं आज चालू असलेलं रूप. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरात साठवायची पद्धत) बनवलं ते याच सिस्टिमसाठी, त्यामुळे हा मजकूर तुम्हाला मराठीत दिसतोय त्यात तिचाही वाटा आहे. छंदवाले बरेचजण रॉस हा रोबोटसाठीचा सॉफ्टवेअर संच वापरतात, त्यात तयार पॅकेजं भरपूर. माझ्या पायला मात्र १ जीबीच रॅम, आणि मला गाडी हलवायची होती, सिस्टिम बसवत बसायचं नव्हतं.

इथे यंत्रातली जवळपास प्रत्येक गोष्ट फाइल असते, आणि एका मशीनची फाइल दुसऱ्या मशीनवर आपलीच असल्यासारखी उघडता येते. सगळी मजा यातच आहे.

गाडीवरचा पाय सीपीयू सर्व्हर म्हणून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून जोडता येईल असा, बूट करा. आधी एलईडी लावून बघा. हॅश-कॅपिटल-जी हे डिव्हाइस डेव्ह फोल्डरात बाइंड केलं (म्हणजे तिथे दिसेल असं जोडलं) की तिथे जीपीआयओ नावाची, पायच्या पिना चालू-बंद करणारी फाइल दिसते. एलईडी १७ नंबरच्या पिनेवर असेल तर तिच्यात इंग्रजीत ‘फंक्शन १७ आउट’ लिहा, मग ‘सेट १७ १’. एलईडी पेटेल. मग लॅपटॉपवरून आर-इम्पोर्ट (दुसऱ्या मशीनच्या फाइली वायफायवरून आपल्याकडे आणणारी कमांड) करून हीच फाइल उघडायची.

इथे माझे दोन रविवार गेले. गाडीवर दिसणारी फाइल लॅपटॉपवर काही दिसेना. प्लॅन ९मध्ये नेमस्पेस, म्हणजे कुठल्या फाइली कुठे दिसतात त्याचा नकाशा, प्रत्येक प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) वेगळा असू शकतो, त्यामुळे एका खिडकीत केलेलं बाइंड शेजारच्या खिडकीलासुद्धा कळत नाही. बाइंडची ओळ लिब फोल्डरातल्या नेमस्पेस फाइलीत टाकली आणि सुटले.

मोटारी मात्र जीपीआयओवर घेऊ नका. मी घेतल्या होत्या. गाडी हॉलमधून सुसाट निघालेली, आणि आईने मिक्सर लावायला राउटरचा प्लग काढला. "पुढे चल" पोचलं होतं, "थांब" पोचलंच नाही. समई आडवी. "देवघरात आणलीस ना तुझी कंपनी!" आईचं चुकलं नाही, माझंच चुकलं. कारखान्यात इमर्जन्सी स्टॉप असा प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडला तर मला कोणी दारात उभं करणार नाही.

म्हणून मोटारी आता अर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे आहेत. तो यूएसबीने पायला जोडलाय, पायवर त्याचीही सीरियल फाइल दिसते. तिच्या कंट्रोल फाइलीत ‘बी ९६००’ लिहून वेग ठरवा. लॅपटॉप दर १०० मिलिसेकंदाला एक अक्षर पाठवतो, पुढेसाठी एफ, थांबायला एस. ५०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर नॅनो कोणालाही न विचारता मोटारी बंद करतो.

अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सरही नॅनोवरच लावा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ५८ मायक्रोसेकंद, वायफायवरून असलं मोजमाप होत नाही. नॅनोने सेंटिमीटरचा आकडा काढून फाइलीत द्यावा, वळायचं कुठे ते लॅपटॉप ठरवेल.

पॉवरसाठी १८६५० मापाचे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये. मोटार ड्रायव्हरला (नॅनोच्या इशाऱ्यावर मोटारींना करंट देणाऱ्या बोर्डाला) थेट, पायला बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज कमी करणाऱ्या बोर्डातून) ५ व्होल्ट, ग्राउंड सगळ्यांचा एकच.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा गाडी पोळ्यांच्या डब्यावर ठेवा, चाकं हवेत. एफ पाठवत राहा आणि मध्येच राउटर बंद करा. चाकं फिरतच राहिली तर गाडी खाली उतरवू नका, नॅनोचा प्रोग्रॅम पुन्हा बघा.