खारीचं पिल्लू गार पडलंय, दूध नाकातून येतंय? माझा अनुभव

आंब्याची फांदी तोडली तर घरटं खाली आलं, त्यात खारीचं एकच पिल्लू, डोळे मिटलेले, अंगठ्याएवढं, हाताला एकदम गार. घाईत ड्रॉपरने गायीचं दूध दिलं तर नाकातून बुडबुडे, कापसाची वात करून पाहिली, तेही नाही. दोन तास नुसती घालमेल. शेवटी १९२६ ला, म्हणजे वनविभागाच्या हेल्पलाईनला फोन लावला, तर कळलं की गार पिल्लाला काही पाजायचंच नाही, पचत नाही त्याला.

मग बुटांच्या खोक्यात जुना टीशर्ट (टॉवेल नको, धाग्यात नखं अडकतात), गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला, म्हणजे फार तापलं तर पिल्लू सरकेल. तासाभरात पोट कोमट लागलं, वळवळायला लागलं. दूध नाहीच दिलं, बाटली परत गरम केली, खोकं उघडंच त्याच आंब्याला बांधलं, मांजराला घरात कोंडलं आणि आम्ही लांब. चाळीसेक मिनिटांनी खार आली, चिकचिक करत दोनदा मागे फिरली, मग पिल्लू तोंडात धरलं, ते तिच्या मानेला गोल बिलगलं आणि गेली वर. माणसाचा वास लागला की आई घेत नाही म्हणतात ना, इथे तरी तसं झालं नाही. हे सगळं उजेडातच करा, खार रात्री फिरत नाही.