एअरफायबर घेताय? या चुका टाळा

गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे घरं विखुरलेली, मधे भाटं आणि कुळागरं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा. एका घरासाठी तिथवर फायबर ओढायला केबलवाला सहसा तयार होत नाही. मग छपरावर डबा बसवून ५जीवर चालणारं वायरलेस ब्रॉडबँड, म्हणजेच एअरफायबर, घेतलं जातं. सोय चांगलीच आहे, पण घेताना सगळे वेग विचारतात आणि मर्यादा विचारायची राहून जाते.

‘अनलिमिटेड’वर विसंबणं

एअरफायबरच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये महिन्याला साधारण १००० जीबीची मर्यादा असते. १०० एमबीपीएसचा वेग अखंड वापरला तर एवढा डेटा जेमतेम २२ तास पुरेल. तसं कोणी वापरत नाही म्हणा. पण २४ तास क्लाउडवर चित्रण पाठवणारा कॅमेरा मात्र गुपचूप खात असतो. १ एमबीपीएस घेणाऱ्या एका कॅमेऱ्याचे महिन्याला सव्वातीनशे जीबी होतात, कारण अपलोडही मोजला जातो. असे तीन लावले की टीव्ही सुरू न करताच मर्यादा जवळ आली! हालचाल झाली तरच चित्रण होईल असं सेटिंग ठेवा, किंवा सरळ मेमरी कार्ड घाला.

मर्यादा संपल्यावर काही प्लॅनमध्ये वेग २ एमबीपीएसवर येतो, काहींत थेट ६४ केबीपीएसवर. ६४ केबीपीएसने १ जीबीची फाइल उतरायला जवळजवळ दीड दिवस लागतो. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं आणि नेट अचानक रांगायला लागलं, तर राउटरला दोष देण्याआधी अ‍ॅपमध्ये वापर किती झालाय ते बघा.

जाहिरातीतला आकडा म्हणजेच बिल समजणं

मोबाइल रिचार्जच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीत बहुधा नसतो. १८ टक्के धरले की ५९९ चे ७०६.८२ रुपये होतात. बसवण्याचे पैसे वेगळे. वर्षाचा प्लॅन घेतला तर ते माफ होतात म्हणून लोक लगेच वर्षाचे पैसे भरून टाकतात. मी म्हणेन, आधी एक पावसाळा जाऊ द्या. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींना झाडी अडवते आणि भिजलेली पानं तर जास्तच. मे महिन्यात घेतलेली स्पीड टेस्ट जुलैची खात्री देत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालवणं

फोनवरचं अमर्यादित ५जी हे ५जीचा सिग्नल असेपर्यंतच. पणजीत मजेत चालतं, पण वाळपईच्या पुढे फोन ४जीवर उतरला की रोजचा कोटा सुरू, आणि २ जीबी तर १०० एमबीपीएसने जेमतेम पावणेतीन मिनिटांचे. त्यात २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. होमस्टेवाल्यांनी अटीही वाचाव्यात: अमर्यादित ५जीची सवलत वैयक्तिक वापरासाठी असते, पाहुण्यांना वाय-फाय पुरवण्यासाठी नव्हे.

तक्रार चुकीच्या दारी नेणं

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) मागून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे तो क्रमांक लागतोच. सोबत छपरावरच्या डब्याजवळच्या नव्हे, तर राउटरला वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरच्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट द्या, सकाळचे आणि रात्रीचेही.