दुखण्यावर वनस्पती वापरताय? मग झाडाआधी त्यातला घटक ओळखा

दुखायला लागलं की कुणीतरी सांगतंच, अमुक पाला बांध, तमुक तेल चोळ. चूक नाही त्यात काही, पण झाडाचं नाव माहीत असून भागत नाही. त्यातला कुठला घटक काम करतो आणि तो कातडीवरून द्यायचा की पोटातून, ते बघायचं. मॉर्फिन पण अफूच्या झाडातूनच आलंय, म्हणजे ताकद असते, आणि ताकद आली की धोका पण आलाच.

गुडघा किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर लावायचं औषध आधी करून बघा. यात मिरचीतलं कॅप्सायसिन माझं आवडतं. मज्जातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचा एक रिसेप्टर असतो, त्याचं काम भाजणारी उष्णता ओळखायचं, कॅप्सायसिन नेमकं त्यालाच डिवचतं म्हणून सुरुवातीला आग होते, पण रोज लावत राहिलं की मज्जातंतूंची तीच टोकं बधिर होत जातात आणि दुखण्याचा निरोप मेंदूकडे कमी जातो. (हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं, विभागून.)

क्रीम ०.०२५ ते ०.१ टक्क्यांचं मिळतं. अगदी पातळ थर, दिवसातून तीन-चार वेळा, आणि दोन ते चार आठवडे न चुकता. लोक दोन दिवस लावतात, आग झाली की ट्यूब फेकून देतात आणि वर म्हणतात फरकच नाही पडला! जखमेवर लावू नका, वरून शेक देऊ नका, गरम पाण्याच्या अंघोळीच्या आगेमागे पण नको. हात साबणाने नीट धुवा, मी एकदा नुसत्या पाण्याने धुवून डोळा चोळला होता, पुढचा अर्धा तास काय झालं ते विचारूच नका. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून कातडीवर जास्त लागलं तर आधी तेलाने पुसा मग साबण लावा. मिरची वाटून लेप वगैरे अजिबात नको, डोस कळत नाही, फोड येतात.

मेन्थॉल थंडाव्याचा रिसेप्टर चेतवतं, आराम लगेच पण थोडा वेळ. त्यावरही शेक नको, भाजतं.

दातासाठी लवंगेतलं युजेनॉल. लवंग तेलाचा एक थेंब साध्या खाद्यतेलात मिसळून कापसाने फक्त दुखऱ्या दाताला टेकवायचा, गिळायचा नाही, आणि लहान मुलांना तर नकोच कारण पोटात गेलं तर लिव्हरला इजा होते. कीड काही याने जात नाही, डेंटिस्टची वेळ घ्याच.

आता पोटातून घ्यायचं. हळदीच्या पावडरीत कुरकुमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ५ ग्रॅम पावडरीत १५० मिलिग्रॅम, आणि गुडघेदुखीच्या बऱ्याच चाचण्यांत दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास अर्क दिलेला असतो, त्यामुळे चमचाभर हळदीकडून फार अपेक्षा नको. मिऱ्यातलं पायपरीन कुरकुमिनचं शोषण वाढवतं हे खरंय, पण ते फेनिटोइनसारख्या (फिट्सवरचं औषध) औषधांचं प्रमाण पण रक्तात वाढवतं, ते कुणी सांगत नाही. विलो नावाच्या झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनपासून शरीरात सॅलिसिलिक ॲसिड बनतं, म्हणजे ॲस्पिरिनचंच भावंड. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे घेऊ नका, मुलांनाही देऊ नका.

काहीही असो, एका वेळी एकच सुरू करा. लावायचं असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, आणि रोज दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा देऊन लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने नुसत्या आठवणीवर काही कळत नाही. छातीत दुखणं, अचानक भयंकर डोकेदुखी, पाठदुखीसोबत पाय बधिर होणं, यावर घरचे प्रयोग नकोत, सरळ हॉस्पिटल. आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर काय काय अर्क घेताय ते डॉक्टरांना आधीच सांगा, बरेचदा ते दोन आठवडे आधी बंद करायला लावतात.