कॅलिपरचा पिस्टन दाबायचा, पण कशाने?

घरी गाडीच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलायला बसलं की पहिला अर्धा तास सगळं सोपं वाटतं. चाक निघतं, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सुटतात, झिजलेले पॅड हातात येतात. नवे जाड पॅड घालून कॅलिपर डिस्कवर बसवायला जावं, तर तो बसतच नाही. पॅड झिजत गेले तसतसा त्यांना डिस्कवर दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकलेला असतो. आता त्याला मागे घालवायचं. नेमक्या याच वेळी पार्किंगमधून जाणारा प्रत्येक शेजारी थांबून सल्ला देतो. पुणंच आहे शेवटी.

खरेदीला निघण्याआधी गाडी बघा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना डिस्क फक्त पुढे असते, मागे ड्रम. पुढच्या पिस्टनचं तोंड वाटीसारखं गुळगुळीत असतं आणि तो सरळ दाबला की आत जातो. मागेही डिस्क असेल तर खाली वाकून पाहा. हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरवरच्या दांडीला जोडलेली असेल, तर तो पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. त्याच्या तोंडावर खाचा दिसतात. हँडब्रेक बटणाचा असेल तर मागच्या कॅलिपरला हात लावू नका. आतली मोटर आधी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावी लागते. जोर केलात तर ती तुटते.

हे मी फुकट शिकलो नाही. जुन्या गाडीच्या मागच्या पिस्टनला सी क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायचा सी आकाराचा शिकंजा, लावून मी घाम निघेपर्यंत पिळत बसलो होतो. पिस्टन जागचा हलला नाही, आतली स्क्रूची यंत्रणा मात्र कामातून गेली. पूर्ण कॅलिपर नवा घ्यावा लागला.

तेव्हा फक्त पुढची डिस्क असेल तर एक ६ इंची सी क्लॅम्प पुरे. ४ इंची बऱ्याचदा कॅलिपरच्या पाठीवरून पुरत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तो सहज मिळतो. घेताना स्क्रू पूर्ण फिरवून बघा, आटे कुठे अडकत असतील तर परत ठेवा. टोकाची चकती सैल फिरणारी हवी. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जुने जाडजूड क्लॅम्प कधी मिळून जातात. तिथे तर आटे तपासल्याशिवाय पैसे काढूच नका. एकाच बाजूला दोन पिस्टन असतील तर दोन्हींवर एकदम बसेल असा रुंद पट्टीचा स्प्रेडर बरा, कारण एक दाबला की दुसरा बाहेर येतो. फिरवायच्या पिस्टनसाठी उजव्या-डाव्या आट्यांचे दोन्ही स्क्रू असलेला किट घ्या. बरेच पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातात, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो. रॅचेटला लावायचा स्वस्त चौकोनी ठोकळाही मिळतो. मला तो आवडत नाही. खाचेतून सटकतो आणि पिस्टनभोवतीचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाडतो.

आता काम. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकच्या जोडीला स्टँड हवाच. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा. पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं, म्हणून टाकी भरलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरा आणि त्यावर क्लॅम्प लावा. काही पिस्टन प्लॅस्टिकसारख्या फिनॉलिकचे असतात, थेट लोखंड टेकलं की त्यांचे टवके उडतात. मग अर्धा-अर्धा आटा, सावकाश. पिस्टन तिरका जातोय का, बूट मुरगळतोय का, हे बघत राहा. चांगला पिस्टन बेताच्या जोराने सरकतो. अडला तर क्लॅम्पला पाइप लावून जोर वाढवू नका; तो गंजलेला असू शकतो, मग कॅलिपर उघडून सील बदलायचं काम निघतं, ते मेकॅनिकचं.

मोटरसायकलला बहुधा क्लॅम्पही लागत नाही. जुने पॅड जागेवर ठेवून त्यांच्या मधे टायर लिव्हर घालून हळूच फाकवा. डिस्क आणि पॅडच्या मधे स्क्रू ड्रायव्हर मात्र कधीच नको, डिस्कवर चरा पडतो.

सगळं बसवून चाक आवळलं की गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. पहिल्या काही दाबांना पेडल पार तळाला जातं, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेला नसतो. टाकीतली पातळी बघून झाकण लावा, आणि पहिला ब्रेक सोसायटीच्या आवारातच, चालण्याच्या वेगात मारून पाहा. कात्रजचा घाट त्यानंतर.