मुलांचा आरोग्य मेळावा: तीन टेबलं पुरेत

अमेरिकेतल्या वस्त्यांमध्ये फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची आठवण ठेवण्याच्या ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये मुलांसाठी असे मेळावे भरतात. भिंतीवर वीस कृष्णवर्णीय डॉक्टरांचे फोटो लागतात, मुलं त्यांच्यासमोरून पळत सुटतात आणि आयांच्या हातात पत्रकांचा गठ्ठा उरतो. त्यापेक्षा तीनच माणसं घ्या. प्रत्येकाच्या टेबलावर मुलांच्या हाताला काम द्या. ७ ते ११ वर्षांची सहा-सहा मुलं, दर टेबलाला १५ मिनिटं.

दारात एक रिकामी फोटोची चौकट ठेवा, खाली रिबेका ली क्रम्प्लर हे नाव. १८६४ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणारी ही अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचा खात्रीचा एकही फोटो नाही. तिच्या नावाने फिरणारा फोटो बऱ्याचदा परिचारिका मेरी एलायझा महोनी यांचा असतो, तो लावू नका. चौकट रिकामी का, हे मुलं विचारतातच.

पहिलं टेबल सर्जन चार्ल्स ड्रू यांचं, रक्ताच्या बाटलीचं. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत २२५ मिली पाणी घ्या, त्यात खायचा लाल रंग मिसळा, वरून २७५ मिली तेल ओता. लाल भाग म्हणजे पेशी, पिवळा म्हणजे प्लाझ्मा, रक्तातला द्रव भाग. रक्तात प्रमाण साधारण असंच, ४५ ला ५५. झाकण घट्ट लावून मुलांना हलवू द्या, मग बाटली टेबलावर ठेवून थर वेगळे होताना पाहू द्या. बाटलीत भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला असेल तर सगळं दुधाळ होतं आणि थर पडतच नाहीत, म्हणून आधी नीट खंगाळा. वेगळा केलेला प्लाझ्मा रक्तापेक्षा जास्त टिकतो, म्हणूनच १९४० मध्ये ड्रू यांच्या देखरेखीखाली तो ब्रिटनला पाठवता आला. ‘रक्त नाकारल्यामुळे ड्रू गेले’ ही गोष्ट कुणीतरी सांगेलच. ती खोटी आहे: १९५० मध्ये मोटार अपघातानंतर त्यांच्यावर उपचार झाले होते. खरा अन्याय वेगळाच. शास्त्रीय आधार नसताना दात्यांचं रक्त वंशानुसार वेगळं ठेवलं जात होतं.

दुसरं टेबल व्हिव्हियन थॉमस यांचं. तिथे एक बुटका, न घसरणारा स्टूल ठेवा. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ‘निळ्या बाळा’च्या (हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळं दिसणाऱ्या बाळाच्या) हृदयाजवळ शस्त्रक्रिया चालू असताना थॉमस स्टूलवर उभे राहून सर्जन ब्लेलॉक यांना मागून सांगत होते. वैद्यकीय पदवी नसलेल्या थॉमस यांनीच ती पद्धत प्रयोगशाळेत बसवली होती. मुलांनी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजायची आणि दुप्पट करायची. मग मिनिटभर स्टूलवर चढ-उतार, लगेच परत मोजणी. नाडी सापडत नसेल तर बहुधा बोट जास्त दाबलेलं असतं, किंवा अंगठा वापरल्याने स्वतःचीच नाडी लागत असते. पालकांना मात्र इथे एक गोष्ट दाखवाच: सावळ्या-काळ्या त्वचेवर निळेपणा गालावर कळत नाही. जीभ, हिरड्या, नखं पाहा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गडद त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. मूल धाप टाकत असेल तर आकड्यावर विसंबू नका.

तिसऱ्या टेबलाला वेळ कमी पडतो, म्हणून ते सगळ्यात मोठं ठेवा. डॉ. मॅरिलिन ह्यूज गॅस्टन यांच्या १९८६ च्या अभ्यासात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिलं, तेव्हा गंभीर जंतुसंसर्ग इतके घटले की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. नवजात बाळांची सिकल सेल तपासणी देशभर पसरण्यामागे हे मोठं कारण ठरलं.

खेळ मण्यांचा. दोन कप म्हणजे आई आणि बाबा, दोघंही वाहक. प्रत्येकात एक लाल, एक पांढरा मणी. न बघता दोन्हींतून एकेक काढा, नोंदवा, परत टाका. दोन्ही लाल म्हणजे सिकल सेल, एक लाल म्हणजे नुसता वाहक, स्वतः आजारी नाही. सहा मुलांनी दहा-दहा वेळा काढून बेरीज करावी. एकट्याच्या दहांत कधी लाल जोडी एकदाही येत नाही, कधी पाचदा येते. लाल जोडीची शक्यता ‘चारात एक’ म्हणजे चौथं मूल आजारी, असं नव्हे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने पडते, हे मण्यांवरच पटतं.

मात्र या टेबलावर रक्त तपासू नका आणि कुणाला घरात सिकल सेल आहे का, हे सगळ्यांसमोर विचारू नका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घाईघाईच्या सामूहिक तपासण्यांत वाहक आणि रुग्ण यांची गल्लत झाली आणि निरोगी माणसांना नोकरीत, विम्यात फटका बसला. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या नवजात तपासणीचा निकाल क्लिनिककडे मागा. बाहेर जन्मलेल्यांसाठी हिमोग्लोबिन तपासणीची चौकशी करा.

जाताना प्रत्येकाला फ्रिजवर लावायचं कार्ड द्या, सगळ्यांना एकच, म्हणजे कुणाचंच गुपित उघडं पडत नाही. त्यावर एवढंच: सिकल सेल असलेल्या मुलाला १०१ अंश फॅरनहाइट ताप आला की औषध देऊन वाट न पाहता तातडीने आणीबाणी विभागात. खाली रुग्णालयाच्या फोन नंबरसाठी जागा. तो नंबर पालकांकडून तिथेच लिहून घ्या, पेन टेबलाला दोरीने बांधून ठेवा.