तेरा ठिपक्यांतला माणूस

काळ्या पडद्यावर तेरा पांढरे ठिपके. थांबलेले असले की कुणी म्हणतं चांदण्या, कुणी म्हणतं सांडलेल्या लाह्या. तेच हलू लागले की क्षणात चालणारा माणूस दिसतो! स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे गुन्नार योहान्सन यांनी सांध्यांवर दिवे लावून हे दाखवलं, त्यांचा लेख १९७३चा. सांगलीत माझ्या मानसशास्त्राच्या वर्गासाठी मी तेच घरच्या लॅपटॉपवर करते.

आधी शूटिंग. मी आईला चालायला लावलं आणि फसले. निऱ्यांत गुडघे दिसेचनात. मग तालमीतला भाचा, हाफ चड्डीवर, कृष्णेच्या घाटावर. डोक्याला एक खूण. खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे यांना दोन-दोन. मोबाईल स्टुलावर पक्का ठेवून बाजूने शूट करा.

ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात व्हिडिओ मागे ठेवून दर फ्रेमला ठिपके सांध्यांवर बसवा. पलीकडचा हात धडाआड गेला की आधीची नि नंतरची जागा बघून मधली भरा. दोन पावलांना साधारण एक सेकंद, म्हणजे ३० फ्रेम, ३९० जागा. अख्खा रविवार जातो, जाऊ द्या. खुबा जेवढा पुढे सरकतो तेवढं सगळ्या ठिपक्यांतून वजा केलं की माणूस जागीच चालतो. शेवटची फ्रेम पहिलीला बेमालूम जुळवा, नाहीतर दर सेकंदाला तो लंगडतो.

खरा कस पुढे. याच क्लिपच्या आणखी दोन करा: एक डोकं खाली पाय वर, दुसरी विस्कटलेली. विस्कटताना प्रत्येक ठिपक्याची हालचाल तीच ठेवायची, फक्त जागा बदलायची. मगच कळतं की नुसत्या हालचालीने माणूस दिसत नाही, ठिपक्यांची आपसातली मांडणीही लागते.

दाखवताना ‘माणूस’ हा शब्द तोंडातून काढू नका. “काय दिसतंय?” एवढंच विचारा, उत्तर जसंच्या तसं लिहा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. ओळखीच्यांची चाल अशी ओळखता येते, हे मानसशास्त्रज्ञ कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवलंय. तरी भाची “अय्या, हा तर दाद्या!” म्हणाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खांदे टाकत चालायची त्याची सवय तिने ठिपक्यांत पकडली होती.

उलटी क्लिप ओळखणं जड जातं. पण आईने चक्क मान वाकडी करून पाहिलं, तो निकाल मला सोडून द्यावा लागला. तेव्हापासून लॅपटॉपसमोर हनुवटी टेकायला घट्ट उशी ठेवते.